प्रस्तावना : गाडी ऐकण्याविषयी

या पुस्तकात पान्याचं काम थोडं आणि कानाचं जास्त आहे. मोटारसायकलचा कार्ब्युरेटर घरच्या अंगणात कसा उतरवायचा, कसा धुवायचा, परत बसवून त्याचं सेटिंग कसं करायचं, हे पुढच्या प्रकरणांत क्रमानं येईलच. पण चित्रात दाखवता येत नाही अशी एक गोष्ट आधी बोलून घेतली पाहिजे. गाडी काय म्हणते ते ऐकू यायला लागल्याशिवाय स्क्रू फिरवून काही हाती लागत नाही.

मुरगूड भागातल्या माणसाला हे ऐकणं नवं नाही. मळ्यापर्यंत वीज पोचण्याआधी वेदगंगेच्या काठानं डिझेलवरची इंजिनं चालायची. कुणाचं सातारा रोडचं कूपर, कुणाचं किर्लोस्कर. इंजिन नदीला आणि माणूस वर उसाच्या सरीत पाणी पाजत उभा. मध्ये दोन-चार शेतांचं अंतर. फुटवालात कचरा अडकून पाणी तुटलं, की इंजिनावरचा भार जायचा आणि त्याचा जड, ठोके मोजून पडणारा आवाज एकदम हलका व्हायचा. सरीतलं पाणी कमी झालेलं दिसायच्या आधी माणसाच्या कानाला ते कळायचं. खोरं जागेवर टाकून तो नदीकडं पळत सुटायचा. गुऱ्हाळावरही तेच. काहिलीतला रस आटत आला, की गुळव्या बुडबुड्यांच्या आवाजावरून आणि पाकाच्या दाटपणावरून ओळखतो, पाण्यात थेंब सोडून गोळी होते का बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागं गुळव्याचे हे डोळे-कान आहेत. चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडं सारणाऱ्या माणसाला तर कार्ब्युरेटर वेगळा शिकवावाच लागू नये. चिपाड जास्त कोंबलं की धूर काळा होतो आणि धग मरते, कमी पडलं की जाळ भडकून विझायला येतो, हे तो रोज बघतो. हवा आणि जळण यांचा मेळ घालणं, एवढंच कार्ब्युरेटरचं काम आहे.

या कोल्हापूर जिल्ह्यात यंत्राला हात घालायची भीती कधीच नव्हती. शाहू महाराजांच्या काळात म्हादबा मेस्त्रींसारखा माणूस शिक्षणाचा कागद नसताना परदेशी यंत्रं उघडून दुरुस्त करत होता. १९२० सालच्या ‘सैरंध्री’चं चित्रण बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरातच तयार केलेल्या कॅमेऱ्यानं केलं. उद्यमनगरातल्या लेथवर पुढं किती जणांचे हात घडले, त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. त्या मानानं १०० सीसीच्या गाडीचा मुठीएवढा कार्ब्युरेटर ही फार लहान गोष्ट. तरी आज गाडी जरा मिस मारली, की आपण ती ढकलत गॅरेजवर नेतो आणि स्टुलावर बसून मोबाईल बघतो. मेस्त्रीनं काय केलं ते बघतही नाही. मला ही हळहळ वाटते, आणि हे पुस्तक त्या हळहळीतून लिहिलं आहे.

माझ्या हातून पहिली मोठी चूक कॉलेजात असताना झाली. आमच्या आण्णांची चार स्ट्रोकची गाडी होती. पावसाळ्यात ती सकाळी किक घेईना, घेतलीच तर हळू रेसवर टिकेना. मी कार्ब्युरेटर उतरवला, खालची वाटी सोडली आणि स्लो जेट बाहेर काढला. भोक बुजलेलं दिसलं, म्हणून वायर ब्रशची एक तार तोडून त्यातून आरपार फिरवली. भोक स्वच्छ झालं. गाडी लगेच चालूही झाली. पण त्या दिवसापासून ती पेट्रोल प्यायला लागली, प्लग आठवड्यात काळा पडायला लागला आणि सायलेन्सरच्या तोंडाला काजळी धरली. आण्णा मला काही बोलले नाहीत. गाडी घेऊन ते स्टँडजवळच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीकडं गेले आणि मलाही सोबत नेलं. मेस्त्रीनं गाडी चालू केली, डोळे मिटले, आणि मी घाईनं पाना पुढं केला तेव्हा म्हणाले, “पाना ठेव बाळ खाली. ती काय म्हणतीया ते ऐक आधी.” मग त्यांनी जेट काढून उजेडाकडं धरला. पितळेच्या भोकाची कड तारेनं खरवडली गेली होती. केहीनच्या जेटवर ९२ असा आकडा असेल, तर त्याचं भोक ०.९२ मिलिमीटरचं असतं. स्लो जेटचं तर त्याच्या निम्म्याहूनही बारीक. अशा ठिकाणी केसभर पितळ खरवडलं, की मापच बदलतं. नवा जेट थोडक्या पैशात आला, पण तो खरवडलेला जेट मी अजून डबीत जपून ठेवला आहे. पुस्तकात ‘जेटमध्ये तार घालू नका’ हे वाक्य पाच ठिकाणी आलं आहे. संपादनात ते चार ठिकाणी कापायला मी तयार झालो नाही.

कार्ब्युरेटर चालतो कसा, याचं उत्तर ज्यांनी डास-ढेकणांवर औषध मारायचा पत्र्याचा हातपंप वापरलाय त्यांना चटकन कळेल. दांडा पुढं ढकलला की हवेचा झोत नळीच्या तोंडावरून जातो, तिथला दाब कमी होतो, आणि डब्यातलं औषध आपोआप वर चढून तुषार होऊन उडतं. वेग वाढला की दाब घटतो, हे दानिएल बर्नुलीनं १७३८ साली मांडलं. अरुंद गळ्यातून द्रव जाताना काय होतं, याचा अभ्यास इटलीच्या जिओव्हानी बात्तिस्ता व्हेंतुरीनं १७९७ साली छापला, म्हणून त्या गळ्याला आजही त्याचं नाव आहे. पिस्टन खाली गेला की इंजिन हवा ओढतं, ती हवा कार्ब्युरेटरच्या गळ्यातून वेगानं जाते आणि वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढून घेते. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ-दहा हजार लिटर हवा लागते. एका लहानशा खोलीत मावेल एवढी हवा गाडी एका लिटरमागं पिऊन टाकते. वजनात मोजलं, तर एक ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा. आपलं सगळं सेटिंग या एका प्रमाणाभोवती फिरतं.

वाटीतल्या फ्लोटचं काम संडासाच्या टाकीतल्या तरंगत्या गोळ्यासारखं. पातळी भरली की पिन वर जाऊन पेट्रोल बंद. पिन झिजली किंवा तिच्याखाली कचरा बसला, की ओव्हरफ्लो. याहून जास्त इथं सांगत नाही, तिसऱ्या प्रकरणात चित्रं आहेत.

पण एका गोष्टीवर थांबलं पाहिजे, कारण नवशिक्याचे निम्मे प्रयत्न तिथंच वाया जातात. मूठ किती पिळली आहे त्यावर कार्ब्युरेटरचा वेगवेगळा भाग काम करतो. मूठ सोडलेली असताना आणि पहिल्या आठव्या हिश्श्यापर्यंत स्लो जेट आणि बाजूचा स्क्रू. त्यापुढं पाव मुठीपर्यंत स्लाइडच्या खालच्या कापाचा आकार. पाव ते पाऊण मुठीत स्लाइडला लटकलेली सुई. पाऊण ते पूर्ण मुठीत मेन जेट. म्हणून मुदाळ तिट्ट्याच्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरला गाडी ओढत नाही, म्हणून हवेचा स्क्रू फिरवत बसणं म्हणजे पाय दुखतोय म्हणून डोक्याला तेल लावणं. आधी विचारायचं, त्रास मुठीच्या कुठल्या जागेवर होतो? त्यासाठी मुठीवर आणि तिच्या शेजारी पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा करायच्या: बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. मी आजही करतो.

बाजूच्या स्क्रूबद्दलही एक मोठा गोंधळ आहे. सगळे त्याला ‘हवेचा स्क्रू’ म्हणतात, पण तो सगळ्या गाड्यांत हवेचाच नसतो. स्क्रू कार्ब्युरेटरच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल, तर तो हवा सोडतो; बाहेर फिरवला की मिश्रण पातळ होतं. इंजिनाकडच्या बाजूला असेल, तर तो पेट्रोल सोडतो. बाहेर फिरवला की मिश्रण घट्ट होतं. दोन्ही एकमेकांच्या उलट. शेजाऱ्यानं त्याच्या गाडीवर जे केलं तेच आपण आपल्या गाडीवर केलं आणि गाडी बिघडली, असं होतं ते यामुळं. आपली गाडी कोणती हे एकदा बघून घ्या आणि शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

प्रत्यक्ष ट्यूनिंगची रीत फार सोपी आहे आणि तिला फक्त धीर लागतो. गाडी दहा मिनिटं चालवून गरम करायची. बंद करून स्क्रू हलक्या हातानं आत बसेपर्यंत फिरवायचा. आवळायचा नाही, टोक चेपलं तर नवा स्क्रू घ्यावा लागेल आणि बॉडीतली जागा खराब झाली तर अख्खा कार्ब्युरेटर. मग दीड ते दोन फेरे बाहेर. गाडी चालू करून पाव-पाव फेरा फिरवायचा आणि प्रत्येक वेळी पंधरा-वीस सेकंद थांबायचं. इंजिनाला बदल जाणवायला तेवढा वेळ लागतो. एक जागा अशी येते की आवाज आपोआप वर चढतो आणि गुळगुळीत होतो. त्याच्या घट्ट बाजूला तो घोगरा, भरलेल्या घशासारखा असतो. पातळ बाजूला गेलं की अडखळतो, श्वास चुकल्यासारखा. ती मधली जागा सापडली की स्लोचा स्क्रू कमी करून गाडी हळू रेसवर आणायची, आणि पुन्हा बाजूचा स्क्रू पाव फेरा इकडं-तिकडं करून बघायचं. बहुतेक लहान गाड्यांना मिनिटाला १३०० ते १४०० फेऱ्यांचा स्लो पुरतो. मोजायला मीटर नसला तरी चालतं. मूठ झटकन पिळून सोडली आणि गाडी न गुदमरता वर जाऊन न अडखळता खाली आली, तर बसलं.

आता उसाविषयी. हा भाग लिहिताना मी सगळ्यात जास्त वेळ घेतला. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचा कार्यक्रम देशात २००३ साली सुरू झाला. २०२२ च्या जूनमध्ये प्रमाण दहा टक्क्यांवर पोचलं आणि २०२५ साली वीस टक्के झालं. यातलं काही इथेनॉल उसातून येतं. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतही ते बनतं. बिद्री आणि हमीदवाडा या दोन कारखान्यांच्या भोंग्यांमध्ये राहणाऱ्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आपल्या शेतातून बैलगाडीत आणि ट्रॅक्टरमधून गेलेला ऊस आता आपल्याच टाकीत परत येतो. शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळतात, याचा मला आनंद आहे. पण जुन्या गाडीच्या कार्ब्युरेटरला ही बातमी कुणी दिलेली नाही.

इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, एक ग्रॅमला सुमारे नऊ ग्रॅम. त्यामुळं वीस टक्के मिश्रण असलेल्या पेट्रोलचं योग्य प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं. इंजेक्शनच्या नव्या गाडीत सायलेन्सरजवळचा सेन्सर हे ओळखतो आणि पेट्रोल वाढवून घेतो. कार्ब्युरेटरमधलं पितळेचं भोक आहे तेवढंच राहतं. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर अगदी बरोबर असलेली जुनी गाडी काहीही न बदलता पातळ मिश्रणावर चालायला लागते. इंजिन जास्त तापतं, चढाला ओढ कमी लागते, मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतात, थंडीत सकाळी चोक जास्त वेळ लागतो. लोक म्हणतात पेट्रोलमध्ये भेसळ आहे. मीही काही दिवस तेच म्हणत होतो. नंतर हिशोब मांडला तेव्हा कळलं. इथेनॉलमध्ये ऊर्जाही कमी, त्यामुळं अ‍ॅव्हरेज थोडं घटणार, ते कुठल्याच स्क्रूनं परत येत नाही. पण पातळपणा दूर करता येतो. बाजूचा स्क्रू पाव फेरा घट्टपणाकडं, सुईची क्लिप एक खाच खाली म्हणजे सुई एक खाच वर, आणि लागलाच तर मेन जेट एक नंबर मोठा. सातवं प्रकरण सगळं यावरच आहे.

दुसरा त्रास पाण्याचा. इथेनॉल पाणी शोषून घेतं, आणि ते एका मर्यादेपलीकडं गेलं की पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. जुलै-ऑगस्टमध्ये वेदगंगा पात्र सोडते, रस्ते बंद होतात, गाड्या आठ-आठ दिवस ओल्या गोठ्याशेजारी उभ्या असतात. मग पाऊस उघडला की गल्लीगल्लीत किका मारल्याचे आवाज. वाटीच्या तळाला एक लहान ड्रेन स्क्रू असतो. तो सोडून काचेच्या बाटलीत दोन चमचे पेट्रोल घ्या आणि उजेडात धरा. खाली वेगळा थर दिसला, तर दुखणं सापडलं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या गाड्या हा याच्या पलीकडचा विषय. त्यांना आधी इंजिन ऑईल बदलावं लागतं, आणि किक मारून बघायचा मोह टाळावा लागतो. जुने रबरी पाइप, वाटीचं गॅस्केट, ओ-रिंग हेही इथेनॉलनं फुगतात किंवा चिवट होतात. वर्षातून एकदा बदललेले बरे.

एवढं सगळं सांगून झाल्यावर उलटी बाजूही सांगतो. कार्ब्युरेटरवर ठेवलेल्या आरोपांतले बरेचसे खोटे असतात. एअर फिल्टर धुळीनं बुजला की मिश्रण घट्ट होतं. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरमागं रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर महिन्याला बघावा. इंजिन आणि कार्ब्युरेटर यांच्यामधल्या रबराला चीर गेली तर हवा चोरून आत येते आणि स्लो कधीच स्थिर राहत नाही. टॅपेट आवळले असतील तर कुठलंही सेटिंग बसत नाही. प्लगची कॅप सैल असेल तर गाडी पेट्रोल न मिळाल्यासारखीच मिस मारते. आमच्या ओळखीच्या एका दूधवाल्यांची गाडी रोज निढोरीच्या आसपास बंद पडायची, दहा मिनिटांनी चालू व्हायची. कार्ब्युरेटर तीनदा धुतला होता. शेवटी टाकीचं झाकण उघडलं तर सुस्स करून हवा आत गेली. झाकणातलं श्वासाचं भोक चिखलानं बुजलं होतं. टाकीत पोकळी धरली की पेट्रोल खाली उतरेना. टाचणीनं काम झालं. म्हणून कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी बघायच्या गोष्टींचं प्रकरण मी पहिलं ठेवलं आहे, ते ओलांडू नये.

घाटाविषयी मला नेहमी विचारतात. राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कोकणात गेलं की समुद्रसपाटीची दाट हवा लागते आणि मिश्रण किंचित पातळ होतं. आपल्या उंचीवरून तो फरक दोन-चार टक्क्यांचा. तेवढ्यासाठी जेट बदलायची गरज नाही.

आता भाषेबद्दल. या कामाचे शब्द मेस्त्रींच्या तोंडी आहेत आणि ते मी तसेच ठेवले: स्लो, रेस, मिसिंग, पिकअप, पिन, जेट, ओव्हरफ्लो. त्यांना संस्कृत पर्याय बनवून दिले असते तर वाचकाला ते दुकानात मागता आले नसते. ‘पातळ’ आणि ‘घट्ट’ हे दोन शब्द मात्र मी स्वयंपाकघरातून घेतले. आमटीला जे लागू पडतं ते इथंही पडतं. प्लगचा रंगही तिथूनच घेतला. सुक्या खोबऱ्याच्या वाटीची पाठ जशी तपकिरी असते, तसा प्लग चांगला. काजळीसारखा काळा असेल तर मिश्रण घट्ट, चुन्यासारखा पांढरा असेल तर पातळ. इथेनॉलच्या पेट्रोलवर हा रंग पूर्वीपेक्षा फिका येतो, हे लक्षात ठेवावं.

१ एप्रिल २०२० ला भारत स्टेज ६ लागू झाल्यावर थोडे अपवाद सोडले तर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला. हवेसाठी ते चांगलंच झालं, आणि मी त्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण बाजारादिवशी मुरगुडात उभ्या असलेल्या गाड्या बघा, किंवा अमावस्येला आदमापुरात बाळूमामांच्या दर्शनाला आलेल्या. त्यांत १९९४ साली आलेली स्प्लेंडर जुन्या रूपात अजून भेटते, दुधाच्या किटल्या वाहून झिजलेली एम-८० भेटते, कुणीतरी जिवापाड जपलेली आरएक्स १०० भेटते, जिचं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं. ज्या घरात दुसरी गाडी घ्यायची ऐपत नाही, त्या घराचं दूध, दवाखाना आणि शाळा अशा गाडीवर चालते. वाईट सेटिंगची गाडी महिन्याला दोन-चार लिटर पेट्रोल फुकट जाळते आणि मागं बसलेल्या पोराच्या नाकात धूर सोडते. हे पुस्तक त्या घरासाठी आहे.

सावधगिरीचं कलम शेवटी टाकून देण्यासारखं नाही, म्हणून इथंही लिहितो. काम अंगणात करा, सोप्यात करू नका. बंद जागेत चालू इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस मारतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते. स्वयंपाकघरातली शेगडी किंवा देव्हाऱ्यातला दिवा तिला पुरेसा आहे. संध्याकाळी दिवा लागायच्या आत काम आवरा. पेट्रोल कॉक आधी बंद करा. लहान मुलं जवळ असतील तर पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका.

ज्या मेस्त्रींनी माझ्या हातातला पाना खाली ठेवायला लावला ते आता नाहीत. पुस्तकातली खरी माहिती त्यांची आणि त्यांच्यासारख्या तीन-चार जणांची आहे. चुका राहिल्या असतील त्या माझ्या.

पुस्तकाच्या शेवटी आठ पानं कोरी ठेवली आहेत. तारीख, हवामान, स्क्रू आतून किती फेरे बाहेर, सुईची क्लिप कितव्या खाचेत, जेटचे नंबर, प्लगचा रंग आणि टाकी भरल्यापासून झालेले किलोमीटर, एवढे रकाने पेन्सिलीनं भरायचे. नमुन्यासाठी पहिली ओळ मी माझ्या गाडीची भरली आहे: श्रावण, झड पावसाची, स्क्रू पावणेदोन फेरे, क्लिप वरून चौथी, प्लग खोबऱ्याच्या रंगाचा, दुसऱ्या किकला चालू.

मुरगूड, ता. कागल